सोसायटीच्या मंडपात दहा मिनिटांची जादू: तयारी कोणत्या क्रमाने करायची

गणपतीच्या आदल्या आठवड्यात मला हमखास एक फोन येतो. "दादा, परवा आमच्या सोसायटीत कार्यक्रम आहे, एखादी सोपी जादू सांगा ना." मी सांगतो. दोन दिवसांनी दुसरा फोन येतो, "पोरांनी पकडलं हो."

पकडणारच. युक्ती कळणं आणि प्रयोग जमणं यांत निदान तीन आठवड्यांचं अंतर असतं, आणि बहुतेक जण ते दोन दिवसांत उरकायला बघतात. वर क्रमही उलटा. आधी सामान मागवायचं, मग व्हिडिओ बघायचा, मग थेट लोकांसमोर उभं राहायचं. काय बोलायचं ते माईक हातात आल्यावर सुचेलच. खाली दिलेला क्रम ठाण्यातल्या सोसायट्यांचे मंडप, पोडियमवरचे हॉल आणि वाढदिवस डोळ्यांसमोर ठेवून लावला आहे. कार्यक्रमाला एकवीस दिवस असताना हातात घ्या. त्याहून कमी दिवस असतील तर एकच प्रयोग करा आणि खाली बसा.

टप्पा १: जागा आधी, प्रयोग नंतर

कुठलाही प्रयोग निवडण्याआधी जिथे उभं राहायचं आहे ती जागा बघून या. गडकरी रंगायतनला प्रेक्षक समोर खुर्चीत बसतो आणि तिथेच राहतो. मंडपात तसं नसतं. पोरं सतरंजीवर पुढे सरकत सरकत तुमच्या पायाशी येतात, दोन-चार जण बाजूने मागे जातात, आणि कोणीतरी काका पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून वरून बघत असतात. तिथे गेल्यावर चार गोष्टी बघायच्या.

पाठीमागे भिंत किंवा पडदा आहे का? नसेल तर हातात काही लपवणारे प्रयोग बाद. पंखा कुठे आहे? मोठा पेडेस्टल पंखा अंगावर असेल तर पत्ते आणि कागद उडणार. तो फिरवून घ्यायचा की बंद करायचा हे आधीच ठरवा. दिवा कुठून येतो? मागून हॅलोजन असेल तर साध्या पांढऱ्या पाकिटातलं अक्षर पुढच्या रांगेला वाचता येतं.

आणि चौथी गोष्ट माईक. नवख्यांपैकी निम्मे इथेच घसरतात. सोसायटीत हातात धरायचा कॉर्डलेस माईक असतो आणि जादूला दोन्ही हात लागतात. माझ्या पहिल्या कार्यक्रमात मी माईक बगलेत धरून दोरी कापली होती. लोकांना माझा आवाज ऐकू आला नाही, पण शर्टाची घासाघीस शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. साउंडवाल्याकडे स्टँड मागा, किंवा कानाला लावायचा माईक आहे का विचारा. दोन्ही नसतील तर माईक धरायला एक माणूस आधीच नेमा आणि त्याच्याबरोबर एकदा तालीम करा.

वेळही आत्ताच मागून घ्या. प्रसादाच्या लगेच आधीची वेळ नको. मोदकांचा डबा उघडला की तुमच्याकडे कोणी बघत नाही. लहान मुलांच्या नाचानंतर लगेचही नको, कारण निम्मे आईबाप कपडे बदलायला आत गेलेले असतात.

तपासा: सतरंजीच्या पुढच्या कडेपासून दोन मीटर मागे, तुमच्या बाजूला, जमिनीवर खडूने रेघ मारता येईल का? येत नसेल तर पुढचे सगळे प्रयोग त्याहून जवळून बघितले जाणार, हे धरून चाला.

टप्पा २: तीनच प्रयोग, तिन्ही वेगळ्या जातीचे

नवख्या माणसाच्या यादीत बारा प्रयोग असतात. त्यातले आठ पत्त्यांचे. पत्ते चौथ्या रांगेच्या पलीकडे दिसत नाहीत, आणि एकाच जातीचे दोन प्रयोग लागोपाठ केले की दुसऱ्याच्या वेळी लोक पहिल्याची युक्ती शोधत बसतात.

दहा मिनिटांसाठी माझा क्रम असा: सुरुवातीला दोरी (डोळ्यांना दिसणारं, दोन मिनिटं), मध्ये पत्ते (एक माणूस वर बोलवून, तीन मिनिटं), शेवटी आकडा आणि पुस्तक (सगळ्या मंडपाला सामील करून, पाच मिनिटं). जोरदार प्रयोग शेवटी. दुसऱ्या क्रमांकाचा सगळ्यात आधी. मधला थोडा फिका पडला तरी चालतो.

आग, ब्लेड, पेटता कापूर यांतलं काही नको. मंडप म्हणजे नुसतं कापड. कबुतर-सशाचा मोहही सोडा. प्राण्यांचे जाहीर खेळ करायला रीतसर नोंदणी लागते, आणि त्या बिचाऱ्या जिवाला ढोलताशाशेजारी पिंजऱ्यात बसवण्यात मजा काय?

टप्पा ३: सामान

फार कमी लागतं. जांभळी नाक्याच्या बाजारात एका फेरीत मिळतं.

दोरी: गोल, मऊ, सुती, पांढरी, करंगळीपेक्षा थोडी बारीक. पाच मीटर घ्या. नायलॉनची नको, ती कात्रीखाली घसरते आणि तोंडं पिसारतात. सरावाला परकराची नाडी उत्तम, स्वस्त आणि घरात असतेच. पण नाडी मंडपात दिसत नाही.

कात्री: शिंप्याची धारदार. शाळेच्या क्राफ्टची कात्री दोरी चावत बसते आणि लोकांना हसायला विषय मिळतो.

पत्ते: घरात बदाम सात खेळून मऊ झालेला कॅट नको, नवीन घ्या. पोकर मापाचं पान ६३ मिलिमीटर रुंद असतं, ब्रिज मापाचं ५७. हात लहान असेल तर ब्रिज माप घ्या, लाजायचं कारण नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात ठाण्याच्या हवेत पत्ते ओले पापड होतात, एकमेकांना चिकटतात आणि दोन पानं एक म्हणून उचलली जातात. बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी आणि कॅट एकाच झिपच्या पिशवीत ठेवा. कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधीच बाहेर काढा.

शिवाय दोन चार्टपेपर, जाड मार्कर, खाकी पाकीट, आणि १०८ पानांपेक्षा मोठं कुठलंही मराठी पुस्तक.

सावधान: ऑनलाइन मिळणारी 'पन्नास जादूंची पेटी' मागवू नका. त्यातल्या प्लास्टिकच्या डब्या पोरांकडे आधीच असतात.

टप्पा ४: दोरी

दोन मीटर तुकडा कापा. सरावाच्या दोरीचं एक टोक शेवटच्या पंधरा सेंटिमीटरपर्यंत लाल मार्करने रंगवा. हा लाल भाग तुमचा मास्तर आहे. चूक झाली की तो लगेच दाखवतो.

१. दोन्ही टोकं डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत धरा. टोकं चार बोटं वर आलेली, लाल टोक उजवीकडे. बाकी दोरी खाली झोळीसारखी लोंबते.

२. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी झोळीच्या मध्यातून घाला, म्हणजे मध्य त्या दोन बोटांवर लटकेल. हात वर आणा. लोकांना वाटतं, मध्य वर येतोय.

३. उजवा हात डाव्या मुठीमागे गेला की त्याच दोन बोटांनी लाल टोकाची दोरी, डाव्या अंगठ्याच्या लगेच खालची, चिमटीत धरा आणि वर ओढा. खरा मध्य बोटांवरून घसरून डाव्या मुठीत राहतो. वर दिसतो तो छोटा फास लाल दोरीचा.

४. तो फास कापा. वर चार टोकं दिसतात.

५. दोन टोकं सोडून द्या: डावीकडचं पांढरं टोक आणि कापलेल्यांपैकी पांढरं. ती खाली लोंबतात. मुठीवर लाल तुकड्याची दोनच टोकं उरली पाहिजेत. बघणाऱ्याला हे दोन दोऱ्या एकत्र धरल्यासारखं दिसतं.

६. ती दोन टोकं मधल्या दोरीभोवती गाठ मारून बांधा. आता दोरी दोन्ही हातांत ताणून दाखवता येते: मध्ये गाठ, म्हणजे दोन तुकडे जोडलेले.

७. दोरी डाव्या हाताभोवती गुंडाळा. गुंडाळताना उजवी मूठ दोरीवरून सरकत जाते आणि गाठ तिच्याबरोबर सरकत टोकावरून निसटते. ती मुठीत ठेवून उजवा हात खिशात घाला, रुमाल काढा, गाठ आत सोडा. रुमाल हातावर फिरवा. दोरी उलगडा: सलग.

गाठ फार घट्ट मारली तर सरकत नाही, सैल मारली तर हातात घ्यायच्या आधीच गळून पडते. योग्य ताण पंधरा-वीस वेळा केल्यावर बोटांना कळतो, लिहून सांगता येत नाही. प्रत्येक वेळी दोरी पंधरा सेंटिमीटर कमी होते. सव्वा मीटरच्या खाली आली की ती सरावाला ठेवा, नवीन कापा.

सगळ्यात जास्त चूक होते ती तिसऱ्या पायरीत. लोक तिथे स्वतःच्या मुठीकडे बघतात. तुम्ही जिथे बघता तिथे प्रेक्षक बघतो. त्या क्षणी मान वर करून समोरच्या कोणाला तरी काहीतरी विचारा: "काकू, कात्री धारदार आहे ना?" काकू आणि तिच्यामागची शंभर माणसं कात्रीकडे बघतात.

तपासा: कापल्यानंतर मुठीच्या वर फक्त लाल आणि खाली फक्त पांढरं दिसतंय का? सलग दहा वेळा तसं झालं की पांढऱ्या दोरीवर जा.

टप्पा ५: पत्ते

हा हातचलाखीचा कमी आणि वेळ साधण्याचा जास्त प्रयोग आहे. कॅटमध्ये एक जोकर मुद्दाम ठेवा.

एका मोठ्या माणसाला वर बोलवा आणि पत्ते पिसायला द्या. परत घेताना म्हणा, "अरे, जोकर राहिलाय वाटतं यात." पत्त्यांची तोंडं स्वतःकडे करून पंखा करा, जोकर काढून टाका आणि त्याच वेळी सगळ्यात मागचं पान लक्षात ठेवा. कॅट पालथा केला की तेच सगळ्यात वर येतं. समजा ती इस्पिकची नव्वी आहे. (जोकरच सगळ्यात मागे निघाला तर तो काढल्यावर मागे उरलेलं पान धरा. यात दरदरून घाम फुटलेला माणूस मी बघितलाय.)

कॅट पालथा टेबलावर ठेवा. त्यांना सांगा, "हवा तिथे कापा आणि उचललेला भाग बाजूला ठेवा." तुम्ही उरलेला खालचा भाग उचला आणि त्यांनी ठेवलेल्या भागावर आडवा, फुलीसारखा ठेवा. "कुठे कापलंत त्याची ही खूण."

आता थांबा. इथे सगळा प्रयोग आहे. पत्त्यांपासून हात लांब घ्या, त्यांच्याकडे वळा आणि वीस-तीस सेकंद बोला. कुठे राहता, पत्ते खेळता का, घरात कोण फसवतं. पत्त्यांकडे बघू नका. मग वरचा आडवा भाग उचला आणि खालच्या भागातलं वरचं पान दाखवत सांगा, "हे तुम्ही कापलेलं पान, उचला." ते पान म्हणजे मूळचं वरचंच, इस्पिकची नव्वी. पण वीस सेकंदांत कुठला भाग वरचा होता हे कोणाच्याच लक्षात राहत नाही.

तुम्ही पाठ करा. पान त्यांनी सगळ्या मंडपाला दाखवायचं. हे टाळू नका. एकदा माझ्यासमोर आलेल्या गृहस्थांना आपलं पान आठवेना. मी 'किलवर छक्की' म्हटलं आणि ते ठामपणे 'नाही' म्हणाले. सगळ्यांनी बघितलेलं असतं तर मंडपानेच त्यांना सांगितलं असतं.

पान परत आत, पत्ते पुन्हा पिसायला त्यांच्याच हातात. मग सावकाश ओळखा: आधी रंग, मग इस्पिक की किलवर, मग चित्र की आकडा. एका दमात 'इस्पिक नव्वी' म्हणून टाकलं की टाळी अर्धी होते.

दोन चुका सतत दिसतात. एक, फुली ठेवल्या ठेवल्या लगेच पान उचलायला सांगणं. दोन, "तुम्ही स्वतःच कापलंत ना? मी हात लावला नाही ना?" असं तीन-तीनदा विचारणं. कोणी संशय घेतलेला नसताना तुम्हीच तो पेरता.

टप्पा ६: आकडा आणि पुस्तक

गणित असं: तीन आकडी संख्या घ्या, उलटी करा, मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल ते पुन्हा उलटं करून त्यातच मिळवा. ७४२ वजा २४७ म्हणजे ४९५. ४९५ अधिक ५९४ म्हणजे १०८९. अट एकच, पहिला आणि शेवटचा अंक यांत निदान दोनचा फरक हवा. म्हणून प्रेक्षकांकडून अंक असे मागा: एका आजोबांकडून सहा ते नऊमधला, एका मुलीकडून कुठलाही (हा मध्ये), आणि शेवटच्या रांगेतून एक ते चारमधला. फरक आपोआप दोन किंवा त्याहून जास्त राहतो.

नुसतं १०८९ सांगून थांबू नका. पाचवीच्या पुढची बरीच मुलं हे कोडं शाळेत ऐकून आलेली असतात. म्हणून पुस्तक. १०८ म्हणजे पान, ९ म्हणजे ओळ. १०८ हा आकडा मंडपात उच्चारला की लोकांमध्ये आपोआप कुजबुज होते, तुम्ही काही सुचवायची गरज नाही. १०८व्या पानाच्या नवव्या ओळीचा पहिला शब्द तुम्ही आधीच मोठ्या अक्षरात चार्टपेपरवर लिहून, घडी घालून खाकी पाकिटात, आत एक काळा कागद ठेवून बंद केलेला. पाकीट कार्यक्रम सुरू होण्याआधीच पहिल्या रांगेतल्या सगळ्यांत खमक्या काकूंच्या पर्समध्ये. वर बोलवलेल्या मुलाने पुस्तकातून शब्द वाचला की काकूंनी पाकीट उघडायचं.

पुस्तक निवडताना १०८वं पान स्वतः उघडून बघा. तिथे प्रकरणाचं शीर्षक, चित्र किंवा संवादाच्या तुटक ओळी नकोत. सलग मजकूर हवा. माझ्या कार्यक्रमात एकदा पानाच्या माथ्यावर छापलेलं प्रकरणाचं नाव वाचणाऱ्या मुलाने पहिली ओळ धरलं आणि आठव्या ओळीवर थांबला. आता मी मोजताना सांगतो, "मजकुराची पहिली ओळ, इथून," आणि बोट ठेवतो.

हिशेब फोनवर करू देऊ नका. कोणाला काही दिसत नाही आणि उलटी संख्या चुकीची दाबली जाते. चार्टपेपरवर मार्करने, नीट अक्षर असलेल्या सातवी-आठवीच्या मुलाकडून करून घ्या. शेजारी दुसरा तपासायला उभा करा. वजाबाकीनंतर मधला अंक ९ आला पाहिजे. नाही आला तर तिथेच गोड शब्दांत थांबवा, बेरजेपर्यंत जाऊ देऊ नका.

सावधान: हा प्रयोग त्याच लोकांसमोर आयुष्यात एकदाच. पुढच्या वर्षी पुन्हा १०८९ आला की मागच्या वर्षीची टाळीही परत जाते.

टप्पा ७: बोलणं लिहून काढा

हातांची तालीम सुरू करायच्या आधी बोलणं लिहून झालं पाहिजे. बहुतेकांना हे पटत नाही. पण हात अडखळतात ते डोकं शब्द शोधत असतं म्हणून.

प्रत्येक प्रयोगाचं बोलणं वहीत पूर्ण वाक्यांत लिहा. 'आता मी ही दोरी घेतो, आता मी ही कापतो' हे बोलणं नव्हे, क्रिकेटची कॉमेंट्री झाली. दोरीसाठी माझं साधारण असं असतं: "हा आपला घोडबंदर रोड. सकाळी सलग असतो. दुपारी कोणीतरी येतं, खोदतं (कापा). संध्याकाळी येऊन ठिगळ लावतं (गाठ). आपण सगळे त्या ठिगळावरून उड्या मारत घरी येतो. पण समजा एका रात्रीत हा रस्ता परत सलग झाला तर? (उलगडा.) म्हणून म्हणतो, ही जादू आहे." कळव्यात केलं तर रस्ता बदलतो, एवढंच.

मंत्र, सिद्धी, बाप्पाची कृपा, अंगातली शक्ती यांपैकी काही बोलायचं नाही. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा हातचलाखीच्या करमणुकीच्या आड येत नाही, तो चमत्काराचा दावा करून लोकांना फसवण्याच्या विरुद्ध आहे. पण कायदा राहू द्या. पुढच्या रांगेत बसलेल्या आजींना खरंच वाटलं आणि उद्या त्या गुडघ्यावर उपाय विचारायला आल्या, तर काय करणार? "ही हातचलाखी आहे, आणि तरीही तुम्ही पकडू शकणार नाही" असं सुरुवातीलाच सांगा. मजा कमी होत नाही, उलट लोक सरसावून बसतात.

टप्पा ८: तालीम, या क्रमाने

पहिला आठवडा नुसते हात. रोज वीस मिनिटं, बसून, न बोलता. ठाणे लोकलमध्ये बसायला मिळालं तर दोरीचा छोटा तुकडा बाहेर काढायला हरकत नाही. शेजारचा बघतो, पण विचारत नाही.

दुसरा आठवडा हात आणि बोलणं एकत्र, उभं राहून, मोठ्याने. आरशासमोर करा, पण फक्त आरशावर विसंबू नका. नेमकी चोरटी हालचाल होते त्या क्षणी आपण डोळे मिचकावतो, आणि आरशात ते कधीच दिसत नाही. म्हणून फोन. तो तीन ठिकाणी ठेवून तीनदा शूट करा: समोरून, उजव्या बाजूने, आणि जमिनीपासून दोन फुटांवरून. तो तिसरा म्हणजे सतरंजीवर बसलेल्या सहा वर्षांच्या पोराचा डोळा. तळहाताच्या खालची बाजू त्यालाच दिसते.

तिसरा आठवडा माणसं. आधी एकच, आणि ती घरातली नको. घरचे एकतर कौतुक करतात नाहीतर टीव्ही बघतात. शेजारच्या दादाला दाखवा आणि एवढंच विचारा: "तुला कुठे संशय आला?" कशी केली असेल, हे विचारू नका. तो चुकीची युक्ती सांगेल आणि तुम्ही तिच्यावर वाद घालत बसाल.

तपासा: तिन्ही प्रयोग, मध्ये न थांबता, घड्याळ लावून. साडेआठ मिनिटांत झाले पाहिजेत. मंडपात टाळ्या, गोंधळ आणि माईकची शिट्टी मिळून उरलेलं दीड मिनिट जातंच.

टप्पा ९: त्या दिवशी

उजवा खिसा: फक्त रुमाल. डावा खिसा: रिकामा. किल्ल्या, फोन, पाकीट कोणाकडे तरी द्या. खिशात हात घातल्यावर किल्ल्या खुळखुळल्या की लोकांना तिथे काहीतरी आहे हे कळतं. टेबलावर डावीकडून उजवीकडे वापरायच्या क्रमाने सामान, वर कापड. पुस्तकाचं १०८वं पान पुन्हा एकदा उघडून बघा. पाकीट काकूंकडे पोचलं का ते स्वतः विचारा.

मुलांपैकी कोणाला वर बोलवायचं तर हात सगळ्यांत उंच करणारा मुलगा घेऊ नका. त्याला जादू नको असते, माईक हवा असतो. शांत बसलेली, पण मान पुढे काढून बघणारी आठ-दहा वर्षांची मुलगी उत्तम. नाव विचारा, नावाने हाक मारा आणि तिची चेष्टा करू नका. हसायचंच तर स्वतःवर हसा.

कोणीतरी ओरडणारच, "कळलं, कळलं! खिशात टाकलं!" वाद घालायचा नाही. "दादा, कार्यक्रम संपला की मला पण सांगा" म्हणा आणि पुढच्या प्रयोगाला लागा. त्याचं खरं असेल तर मात्र अजिबात थांबायचं नाही.

"परत एकदा दाखवा!" याला उत्तर नेहमी नाही. पहिल्यांदा लोकांना काय होणार हे माहीत नसतं, दुसऱ्यांदा माहीत असतं, आणि मग ते योग्य हाताकडे बघतात.

एखादा प्रयोग फसला तर खुलासा देत बसू नका. गाठ मध्येच गळाली? "ठिगळ पावसात वाहून गेलं" म्हणा, दोरी गुंडाळून खाली ठेवा, पत्ते उचला. लोकांना तुमचा आराखडा माहीत नसतो.

टप्पा १०: संपल्यावर

टाळ्यांनंतर पोरं टेबलाभोवती जमतात आणि सामानाला हात घालतात. आधी कात्री उचला, मग पत्ते. दोरी खुशाल हातात द्या, ती खरंच सलग आहे. युक्ती सांगू नका. फारच मागे लागलेल्या पोराला टप्पा ४ची पहिली पायरी दाखवा आणि पुढच्या रविवारी ये म्हणा. जे खरंच येतात त्यांना शिकवा.

घरी गेल्यावर वहीत तीन ओळी लिहा: कुठे लोक हसले, कुठे शांत झाले, कुठे कोणी मान वाकडी करून बघितलं. आणि पँट धुवायला टाकण्याआधी उजवा खिसा उलटा करा. आमच्याकडे एकदा गाठीचा तो तुकडा थेट वॉशिंग मशिनमधून निघाला आणि सहा वर्षांच्या भाच्याच्या हाती लागला. तेव्हापासून तो माझ्या प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेत, नेमका उजव्या बाजूला, खिशासमोर बसतो.